सौभाग्यवतींचं बी.एड.

३० जून २०१६ रोजी मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि पुढच्याच महिन्यात आमची सौभाग्यवती कॉलेजात जाऊ लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं ती आजही शपथेवर सांगते. मी विश्वास ठेवतो. निवृत्त माणसाला विश्वास ठेवण्याखेरीज घरात दुसरं काम नसतं.

माझे निवृत्तीनंतरचे बेत अगदी साधे होते. छत्तीस वर्षांतली बरीचशी वर्षं मी लोणावळ्याहून लोकलने वडगावला कचेरीत गेलो. वडगाव हे मावळ तालुक्याचं ठिकाण. १७७९च्या जानेवारीत तिथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागती पत्करून तह केला होता. त्याच गावात मी रोज सकाळी फायलींपुढे शरणागती पत्करत असे. तह मात्र शेवटपर्यंत झाला नाही. तेव्हा आता ओटीवर खुर्ची टाकून बसावं, समोर पाऊस पडत असावा आणि आतून भज्यांचा वास यावा, एवढंच मागणं होतं. लोणावळ्याचा पाऊस तुम्ही पाहिला असेल, पण तो शनिवार-रविवारचा. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून, हातात मक्याचं कणीस धरून. आम्ही तो सोमवार ते शुक्रवार पाहतो. त्यात कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही आणि पापड वातड होतात. तरीही माणूस निवृत्तीच्या आशेवर तो सोसतो. तर पाऊस होता, ओटी होती, खुर्ची होती. भजी तळणारी व्यक्ती तेवढी सकाळची लोकल पकडून पुण्याला गेलेली असे.

"बी.एड. करतेय," हिने जाहीर केलं.

"अगं, तू चोवीस वर्षं शाळेत शिकवलंस. आता बी.एड.?"

"ते नव्हे. स्पेशल एज्युकेशन. दोन वर्षांचं. माझा विषय ऑटिझम."

ही बातमी आळीत पसरली तेव्हा शेजारच्या दामल्यांनी आवर्जून येऊन अभिनंदन केलं. "छान केलंत वहिनी. ऑटोमोबाईलला मरण नाही. चाकणला लगेच लागेल नोकरी." ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे कवींना होतं ते का?"

दामल्यांचं सोडा, पण हा शब्द मलाही पटलेला नाही. स्वतःत मग्न असणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतली बरीचशी माझे साहेब होती. त्यांना कोणी विशेष शाळेत घातलं नाही. ते असो.

हे शिक्षण घ्यायचं हिच्या डोक्यात कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. शाळेत असताना हिच्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर बसत नसे, नावाने हाक मारली तर बघत नसे, आणि घंटा झाली की कानांवर हात ठेवून किंचाळे. त्याच्या आईला बोलावून "इथे जमणार नाही" असं सांगण्यात आलं. सांगितलं मुख्याध्यापकांनी. "मी शेजारी उभी होते आणि मान हलवत होते," ही म्हणाली. "ती बाई माझ्याकडे बघत होती हो, त्यांच्याकडे नाही."

एवढंच. मग ती वह्यांना कव्हरं घालायला बसली. तिच्या वयाच्या बायका नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घालतात.

शिकवायला शिकणाऱ्या माणसाला सरावासाठी विद्यार्थी लागतो. कॉलेजातून मिळेपर्यंत घरात जो होता त्याच्यावर भागवण्यात आलं. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीवर हिने एक तक्ता आखला. त्यात तीन रकाने: आधी काय घडलं, मग काय केलं, नंतर काय मिळालं. इंग्रजीत याला एबीसी तक्ता म्हणतात. मूल आदळआपट करत असेल तर त्याला दटावण्याआधी आठवडाभर नुसतं हे लिहून काढायचं. मग आदळआपटीचं कारण आपोआप कागदावर दिसू लागतं. माझ्या पहिल्या आठवड्याची नोंद मी जपून ठेवली आहे. ती अशी: "आधी – वर्तमानपत्र साडेसातपर्यंत आलेले नाही. वर्तन – येरझारा, कपाट जोराने बंद करणे, पेपरवाल्याच्या घराण्याचा उद्धार. नंतर – पत्नी चहा आणून देते." खाली लाल शाईत निष्कर्ष: "वर्तन चहामुळे पक्के होत आहे."

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद.

मी तक्रार केली तेव्हा मला शास्त्र ऐकवण्यात आलं. माणूस काहीही विचित्र वागला तरी त्यामागे साधारणपणे चारांतलं एक कारण सापडतं. कोणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, काहीतरी टाळायचं असतं, नाही तर ते करून अंगालाच बरं वाटत असतं. यातलं तिसरं कारण सरकारी नोकराला समजावून सांगावं लागत नाही. पण चहाचं काय? तर चहा मला करायला शिकवण्यात येणार होता.

लहान वाटणारं काम पायऱ्यापायऱ्यांत मोडायचं, ही या शास्त्राची गुरुकिल्ली आहे. चहाच्या हिने एकोणीस पायऱ्या पाडल्या. ओट्याजवळ जाणे, ही पहिली. माझी गाडी तिथेच अडली. मग 'उलट्या साखळी'चा प्रयोग झाला. त्यात शेवटची पायरी आधी शिकवतात. बाकी सगळं शिक्षकाने करायचं आणि शेवटचं पाऊल मुलाने टाकायचं, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. ही पद्धत मला अतिशय आवडली. चहाची शेवटची पायरी म्हणजे चहा पिणे, आणि ती मला लहानपणापासून येत होती. दुर्दैवाने उपांत्य पायरी गाळण्याची निघाली. हिने सुरुवातीला माझा हात धरून गाळून घेतलं, मग नुसतं बोट दाखवलं, मग नजरेनं. आधार असा हळूहळू काढून घ्यायचा असतो. पाचव्या आठवड्यात तिने शेवटचा आधार काढून घेतला, म्हणजे चार दिवस माहेरी गेली. त्या चार दिवसांत मी चहा करायला शिकलो. सांगायचा मुद्दा हा, की शास्त्र खरं आहे.

परीक्षेच्या आधी तिने 'इसा' नावाची मोजपट्टीही माझ्यावर चालवून पाहिली. ही भारतात तयार झालेली, चाळीस कलमांची. नजरेला नजर देत नाही, नेहमीचा क्रम मोडलेला खपत नाही, ऐकलेलं तसंच्या तसं बोलतो, अशी एकेक कलमं आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर ऑटिझम नाही. मला एकसष्ट. एवढ्या कमी गुणांनी कुठल्या परीक्षेत सुटलो याचा आनंद मला प्रथमच झाला. "हे चहा पिता पिता आणि नवऱ्यावर करायचं नसतं," ही म्हणाली. "तज्ज्ञ लोक मुलाला तासन्‌तास बघून करतात. तुम्ही दामल्यांना सांगत सुटू नका." मी आधीच सांगितलं होतं. दामल्यांनी माझे नऊ गुण कमी पडले म्हणून हळहळ व्यक्त केली.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं.

हिची पाठ करण्याची सवय मोठ्याने वाचण्याची आहे. ऑक्टोबरातली रात्र असेल. पाऊस नुकताच उघडलेला. ही स्वयंपाकघरात वाचत होती आणि मी ओटीवर. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला, ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन ते. ही मुलं माणसांपेक्षा वस्तूंत रमतात. रोजचा क्रम बदललेला त्यांना सोसत नाही. पाठांतर विलक्षण असतं. आणि 'मी'च्या जागी 'तू' म्हणतात, कारण जसं ऐकलं तसंच बोलतात, भूक लागली की "तुला भूक लागलीय का?" असं विचारतात.

"पुन्हा वाच," मी आतून म्हटलं.

"अण्णा, जेवायला चल." हे वाक्य आमच्या घरात रोज दुपारी साडेबाराला ऐकू येई आणि ते म्हणणारा खुद्द अण्णाच असे. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. जन्म १९४३चा. म्हणजे बाल्टिमोरला जे वर्ष त्या निबंधाचं, तेच लोणावळ्यात माझ्या काकाचं.

अण्णाकाकाचा मुक्काम रेल्वेच्या कुंपणाजवळ. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून जी इंजिनं लावतात त्यांना बँकर म्हणतात. ती लोणावळ्याला सुटायची. अण्णाकाकाला त्या बँकरांचे नंबर पाठ. मालगाडीचे डबे तो मोजायचा आणि मंगळवारी गेलेल्या गाडीला किती डबे होते ते शुक्रवारी सांगायचा. आंबेमोहोराचा भात, तोही त्याच कल्हईच्या ताटलीत. ताटली बदलली की उपास. कोणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. पाऊस पत्र्यावर तडतडू लागला की गाद्यांच्या ढिगात डोकं खुपसून बसायचा, आणि लोणावळ्यात पाऊस चार महिने तडतडतो. त्याला घरात 'अहो' असं कोणी कधी म्हटलं नाही. बायका म्हणत नव्हत्या, मुलंही म्हणत नव्हती. तिशी उलटली तरी तो सगळ्यांचा 'अरे'च होता.

उपाय पुष्कळ झाले. कार्ल्याच्या एकवीरेला नवस झाले, ताईत झाले, एका वैद्यांनी नाकात काहीतरी घातलं त्यानंतर तो कुठल्याही पागोटेवाल्याला बघून पळायचा. वडील एकदा त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'मतिमंद' असं लिहून दिलं. परत येताना लोकलमध्ये अण्णाकाकाने वडिलांना दवाखान्याच्या जिन्याच्या पायऱ्या किती ते सांगितलं.

दोष कोणाचा, हे मात्र घरात ठरलेलं होतं. माझ्या आजीचा. तिने ग्रहणात विळी हातात घेतली, असं आत्याआजीचं म्हणणं. मी हे मागासलेपणाचं उदाहरण म्हणून हिला सांगायला गेलो, तर हिने पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. मोठमोठे तज्ज्ञही आईवरच घसरलेले होते! आईच्या मायेत ऊब नसते, ती फ्रीजसारखी थंड असते, म्हणून मूल असं होतं, ही उपपत्ती. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. वास्तविक त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, हे सगळं खोडून काढून मूळ मेंदूच्या घडणीत आहे असं लिहिलं होतं. पण आयांची सुटका व्हायला पुढेही बरीच वर्षं लागली. आजीच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे, की आमच्या घरात फ्रीज १९८२ साली आला. तोवर आजी गेली होती. विळीचं ओझं डोक्यावर घेऊन गेली.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, संसदेने दिव्यांगांचा कायदा बदलला आणि हिच्या नोट्स वाया गेल्या. १९९५च्या कायद्यात सात प्रकार पाठ करायचे होते, ते एकवीस झाले. ही चिडली, मी ते एकवीस वाचून काढले. ऑटिझम १९९५च्या यादीत नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात त्याचं नाव आलं आणि २०१६ साली या मोठ्या यादीत. अण्णाकाका १९९१ साली गेला. त्याच वर्षी दिल्लीत काही पालकांनी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर अण्णाकाकाला आयुष्यभर काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी हिला प्रत्यक्ष काम मिळालं. कामशेतला उतरून नाणे मावळाच्या रस्त्याला लागलं की जीपने वीसेक मिनिटांवर एक गाव आहे. तिथला सात वर्षांचा मुलगा. केस-स्टडीत खरं नाव लिहायचं नसतं. हिच्या फायलीत तो 'विद्यार्थी अ' आहे, तेव्हा इथेही तो 'अ'च राहील. आई गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला. फेब्रुवारीत मावळातले गुलाब विमानात बसून परदेशी जातात. त्यांना तोडून-बांधून देणाऱ्या बाईला गुरुवारची सुट्टी असते. म्हणून आमचा वार गुरुवार. मी सामानासाठी. चित्रांची कार्डं, चटई, मणी, डबे आणि बक्षीस म्हणून चिक्की असा सगळा जामानिमा.

चिक्कीची कल्पना माझी. काम केलं की मुलाला लगेच आवडीचं काहीतरी द्यायचं असतं. आता लोणावळ्याचा माणूस चिक्की स्वतः खात नाही, ती पाहुण्यांच्या हाती द्यायची वस्तू आहे; पण मुलांना आवडते असा समज आहे. शेंगदाण्याची नेली, राजगिऱ्याची नेली, तिळाची, खोबऱ्याची नेली. 'अ'ने प्रत्येक तुकडा हुंगला आणि चटईच्या कडेला ओळीत मांडला. शेवटी कळलं की त्याला हवा होता तो पुड्याचा कागद. कानाशी धरून कुरकुर वाजवायला. बक्षीस कोणतं ते देणाऱ्याने ठरवायचं नसतं, घेणाऱ्याने ठरवायचं असतं, हे हिच्या पुस्तकात होतंच. चिक्की मी खाल्ली.

'अ' एकच वाक्य बोलायचा. "सुट्टे न्हाईत, उद्या द्या."

"दिसभर त्येच लावलंय बघा बाई," त्याची आई म्हणाली. "शेजारची हसत्यात. कुणी म्हणतंय भूत बोलतंय. सुट्टं कसलं मागतंय त्ये?"

हिने तक्ता आखला. आता यात काय सापडणार, असं मला वाटत होतं. तीन गुरुवार झाले. जुलैचा महिना, भातलावणी चाललेली, आणि वर पत्रे. पाऊस कोसळला की 'अ' कानांवर हात दाबून ओरडायचा: "सुट्टे न्हाईत! उद्या द्या!" चिक्की पुढे केली: "सुट्टे न्हाईत." मणी ओवायला घेतले: "उद्या द्या." आईने तोंड पुसायला पदर पुढे केला: "सुट्टे न्हाईत."

"नको म्हणतोय!" मी ओरडलो.

ही माझ्याकडे बघून हसली. तिला ते आधीच्या गुरुवारीच कळलं होतं. माझं मला कळेपर्यंत थांबली होती. कुठेतरी, कोणीतरी, काहीतरी नाकारताना हे वाक्य बोललं होतं. 'अ'ने ते उचललं, आणि 'नको' या शब्दाच्या जागी बसवलं. ऐकलेलं पुन्हापुन्हा बोलणं म्हणजे नुसती पोपटपंची, असं पूर्वी समजत आणि ते बंद पाडायची खटपट करत. १९८०च्या सुमाराला प्रिझंट वगैरे मंडळींनी बारकाईने पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की त्यातलं पुष्कळसं अर्थपूर्ण असतं. अर्थ शब्दांत नसतो, ते वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं त्यात असतो. हिने आईला हे सांगितलं. आई काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी त्यो इतकी वर्सं मला सांगतच व्हता."

परतीच्या लोकलला गर्दी नव्हती. कामशेत सुटलं. भिजलेल्या खिडकीतून बाहेर विसापूर-लोहगड ढगात. मी हिला म्हटलं, "अण्णाकाका एक वाक्य म्हणायचा. तुला आठवतं?"

"कुठलं?"

ते मी अठ्ठेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. नाही, सत्तेचाळीस. १९७० साल. मी बारा वर्षांचा. शाळेतून आलो की अण्णाकाकाला स्टेशनावर न्यायचं, हे माझं काम होतं. छत्री घेऊन तो दारात तयार असे. त्या दिवशी फलाटावर वर्गातली पोरं होती आणि त्यांच्याबरोबर बंगल्यात उतरलेला एक मुंबईचा मुलगा. अण्णाकाका मोठमोठ्याने डबे मोजत होता आणि हात झटकत होता. मुंबईचा मुलगा म्हणाला, "हा तुझा कोण रे?"

मी म्हटलं, "हा आमचा कोणी नाही."

त्या दिवसापासून अण्णाकाका हे वाक्य म्हणू लागला. माझ्या आवाजात, माझ्याच हेलात. आवाज फुटण्याआधीचा माझा तो आवाज त्याने मी बत्तीस-तेहतीस वर्षांचा होईपर्यंत सांभाळला. घरातल्यांना ती त्याची बडबड वाटे. मला ठाऊक होतं की ही फिर्याद आहे, आणि ती रोज दाखल होते आहे.

हिने काही न बोलता पर्समधून पेन काढलं. मागे तक्त्याचा कोरा कागद होताच.

"कधी म्हणायचा?"

"अगं, आता काय—"

"कधी म्हणायचा ते सांगा. तुम्ही घरातून जाताना?"

"नाही. येताना. शाळेतून आलो की. पुढे पुण्याहून सुट्टीला आलो की, दारातच."

"इतर कोणी आलं तर?"

मी आठवून पाहिलं. "नाही. मी आलो तरच."

"आपल्या लग्नातही म्हणाला होता," ही लिहिता लिहिता म्हणाली. "मांडवाच्या दारात. तुम्ही घोड्यावरून उतरलात तेव्हा. सगळे हसले. मला वाटलं, तुमच्याकडे चेष्टेची पद्धत असेल. आणि म्हणताना काय करायचा?"

"काही नाही. छत्री घेऊन उभा राहायचा."

"छत्री."

"हो."

"लग्नातही छत्री होती त्याच्या हातात. मे महिना होता." तिने तेही लिहिलं. "आणि मग तुम्ही काय करायचात?"

तिसरा रकाना. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आत निघून जायचो."

"त्यानंतर स्टेशनवर—"

"बाबा न्यायचे. मी १९७० नंतर नेलं नाही."

मळवली आलं. ती पेनाचं टोपण लावून कागदाकडे बघत बसली. मला वाटलं, आता निष्कर्ष, लाल शाईत. पण ती म्हणाली, "दोन अर्थ निघतात. यावरून एवढंच सांगता येतं. ज्याला विचारायचं तो माणूस नाही." आणि कागदाची घडी घालून तो माझ्या खिशात ठेवला. लोणावळ्याला उतरल्यावर छत्री उघडायचं माझ्या लक्षात आलं नाही, त्यामुळे तो भिजला. वाळवून ठेवला आहे.

पुढच्या वर्षी हिचं बी.एड. झालं. प्रथम वर्ग. दामल्यांनी पेढे खाऊन "आता चाकणला कधी?" असं विचारलं. काम संपलं तरी आमचे गुरुवार चालूच राहिले. 'अ' आता पाण्याचं कार्ड दाखवून पाणी मागतो, आणि नको असेल तेव्हा 'नको'चं कार्ड दाखवतो. फार राग आला तरच 'सुट्टे न्हाईत'. कार्डांवरची चित्रं आधी हिने काढली होती. त्यातली भाकरी चाकासारखी दिसते म्हणून तो ती जमिनीवर फिरवायचा. मग मी फोटो काढले.

माझे गुडघे दुखतात. त्यांच्या घरापर्यंतचा चढ चढून गेलो की उंबऱ्याशी पिशवी टेकत मी नकळत म्हणतो, "आलो बाबा, आलो एकदाचा." गेल्या दिवाळीनंतरच्या गुरुवारी मी पिशवी टेकण्याआधीच आतून आवाज आला, "आलो बाबा, आलो एकदाचा." आवाज माझा, दमही माझाच लागलेला. 'अ' माझ्याकडे न बघता दारात उभा होता.

"सकाळधरनं तेच चाललंय, काका," आई म्हणाली. "बेस्तरवार कळतोय त्याला."

हिने लगेच वही काढली. पण तेवढ्यात त्याने माझं बोट धरलं आणि मला ओढत बाहेर काढलं. बाहेर उन्हं होती. आम्ही देवळावरून गेलो, गिरणीवरून गेलो आणि डेअरीच्या फळीपाशी थांबलो. मला वाटलं, दूध हवं असेल. अर्धा लिटर मागितलं आणि पाचशेची नोट पुढे केली.

डेअरीवाल्याने नोट पाहिली, गल्ल्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"सुट्टे न्हाईत. उद्या द्या."

तोच हेल. 'उद्या'वरचा तोच जोर. मी खाली पाहिलं. 'अ' फळीची कड चाटत होता.

"उद्या कुठलं," मी म्हटलं, "आम्ही गुरुवारी येतो. ही ठेवून घ्या आणि दर गुरुवारी अर्धा लिटर वळतं करत जा."